आपापला शून्य

संगणकाच्या पडद्यावर वर जायचं असेल तर आकडा कमी करावा लागतो आणि खाली उतरायचं असेल तर वाढवावा लागतो. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेला असतो आणि त्याच्या उजवीकडे व खाली एवढीच काय ती वस्ती. शाळेत आलेखकागदाच्या मधोमध दोन अक्ष काढून, चारही चरणांत हिंडून आलेल्या माणसाला हे चटकन पचत नाही. वर म्हणजे जास्त, हे त्याने मार्क मिळवून सिद्ध केलेलं असतं. इथे त्याला सांगतात, गणित तुझं बरोबरच आहे, फक्त आकाश खाली आहे.

ही उलटी व्यवस्था कुणी खोडसाळपणे केलेली नाही. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचा, उजवीकडे जाऊन एक ओळ संपवायचा, परत येऊन खालची ओळ धरायचा. मेमरीतला पहिला बाइट म्हणजे पहिल्या ओळीचा पहिला तुकडा. इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांची जी चाल, तीच झोताची आणि तीच मेमरीची. गणिताच्या मास्तरांना त्या बैठकीला बोलावणंच नव्हतं. अरबी किंवा हिब्रूसाठी विंडोजमध्ये आरशातली मांडणी करतात तेव्हा हाच शून्य उठून वरच्या उजव्या कोपऱ्यात जातो आणि तिथून डावीकडे मोजू लागतो. एवढी उठाठेव करूनही आकाश मात्र खालीच.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या एका अख्ख्या पिढीची या आकाशाशी ओळख टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर झाली. बोर्लंडचं हे १९८७ सालचं अपत्य. नवं शतक लागून कितीतरी वर्षं झाली तरी कॉलेजांच्या प्रयोगशाळांनी त्याला निवृत्त केलं नव्हतं. ग्राफिक्सचं प्रात्यक्षिक म्हणजे आधी बीजीआय फोल्डरचा पत्ता जोडीजोडीने उलट्या तिरप्या रेघा देत लिहायचा, तो चुकला की ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’ ही ओळ वाचायची, शेजारच्याच्या पडद्यावर बघून दुरुस्ती करायची आणि मग ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या मैदानात उतरायचं. चित्रं ठरलेली. झोपडी, चालती मोटार, साइन वक्र, आणि ऑगस्ट महिना असेल तर झेंडावंदन. झेंडावंदनात वाय एकेकाने वाढवत नेला की झेंडा काठीच्या टोकावरून डौलात खाली उतरायचा आणि चबुतऱ्याशी येऊन थांबायचा. मग वर्गातलं एखादं जाणतं पोरगं सांगायचं, वायच्या जागी ‘४७९ वजा वाय’ लिही.

त्या दिवसापासून ‘४७९ वजा वाय’ हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. काही जण ४८० लिहायचे. त्यांची सगळ्यात खालची रेघ गायब व्हायची, कारण ठिपके ० पासून ४७९पर्यंतच असतात. झोपडीच्या छपराला वजाबाकी, भिंतीला वजाबाकी, आणि दाराला करायची राहून गेली की दार छपराच्या वर लोंबकळायचं. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांना ते दार दिसायचं. पण त्यांच्या स्वतःच्या झोपडीचं दारही कधीकाळी तिथेच होतं, त्यामुळे ते काही न बोलता पुढच्या मुलाकडे सरकायचे.

यातली मौज अशी की आपलं आकाश आपण ठरवायची सोय याच्या आधीपासून होती, आणि ती ज्या भाषेला सगळे पोरखेळ म्हणायचे त्या बेसिकमध्ये होती. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये ‘विंडो’ नावाची आज्ञा आहे. विंडो (-१०, -१०)-(१०, १०) एवढी एक ओळ लिहिली की शून्य पडद्याच्या मधोमध येतो, वर म्हणजे जास्त होतं आणि साइन वक्र वहीतून जसाच्या तसा उतरवता येतो. ज्याला उलटंच आकाश हवं असेल त्याने मध्ये ‘स्क्रीन’ हा शब्द घालायचा. म्हणजे या आज्ञेच्या लेखी गणिताचं आकाश हा नियम आणि पडद्याचं आकाश हा अपवाद. इतकी सुसंस्कृत भूमिका पुढे फार थोड्यांनी घेतली. टर्बो सीवाले मात्र बेसिककडे बघून नाक मुरडत वजाबाकी करत राहिले.

व्हिज्युअल बेसिकने (पहिली आवृत्ती १९९१, सहावी १९९८) ही सोय पुढे चालवली, पण मध्येच ट्विप नावाचं एक माप घुसवलं. ट्विप म्हणजे छापखान्यातल्या पॉइंटचा विसावा भाग. एका इंचात १४४० ट्विप, एका सेंटिमीटरमध्ये साधारण ५६७. फॉर्मवर नवं बटण टाकलं की ते १२१५ रुंद आणि ४९५ उंच. कसले १२१५, असं विचारणारा मुलगा बॅचमध्ये एखादाच निघायचा आणि त्याला ‘डिफॉल्ट आहे’ असं खणखणीत उत्तर मिळायचं. नेहमीच्या ९६ डीपीआयच्या पडद्यावर एका पिक्सेलचे १५ ट्विप होतात. हे एकदा कळल्यावर लोक दिसेल त्या आकड्याला १५ने गुणत नाहीतर भागत सुटले. मग एखाद्या ऑफिसात साहेबांना चाळिशी लागायची, ते कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन अक्षरं मोठी करायचे, डीपीआय १२० व्हायचे, पंधराचे बारा व्हायचे आणि फक्त त्यांच्याच संगणकावर आलेख चौकटीबाहेर पळायचा. साहेब, तुमच्या चष्म्यामुळे हे होतंय, असं तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. ‘व्हायरस असेल’ असं सांगण्यात यायचं.

खरं तर यातलं काहीच करायची गरज नव्हती. पिक्चर१.स्केल (-१०, १०)-(१०, -१०) असं लिहिलं की ती चौकट तुमच्या मालकीची. पहिल्या कंसात वरचा डावा कोपरा, दुसऱ्यात खालचा उजवा. वरच्याला १० आणि खालच्याला उणे १० म्हटलं की आकाश जागेवर आलं. भट्टीचं दिवसभराचं तापमान दाखवायचं असेल तर आडवे ० ते २४ तास आणि उभे ० ते १२०० अंश असं थेट सांगा आणि रात्री अकराचे ८५० अंश (२३, ८५०) वर ठेवा. पिक्सेल, ट्विप, पंधरा, कुणाचं नाव काढायला नको. स्केलमोड त्याच क्षणी गुपचूप ‘० – यूजर’ होतो, म्हणजे यंत्र सांगतं की आता तुमचं तुम्ही बघा. फॉर्म स्वतः पडद्यावर कुठे उभा आहे, हे तो अजूनही ट्विपमध्येच सांगणार, तेवढं चालवून घ्यायचं.

आणि तरीही लोकांनी काय केलं? जुना व्हीबी कोड उघडून बघा. वर कुणीतरी स्केल लावलेला असतो, म्हणजे चित्र सरळ. खाली दुसऱ्याने सवयीने ‘उंची वजा वाय’ लिहिलेलं असतं, म्हणजे चित्र पुन्हा उलटं. तिसऱ्याने, नोकरी सोडायच्या आदल्या आठवड्यात, सगळा डेटाच उणे एकने गुणून ठेवलेला असतो, म्हणजे चित्र पुन्हा सरळ. त्याच्यावर टिप्पणी असते: ‘कृपया हात लावू नये.’ आणि कुणी लावतही नाही.

विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे जीडीआयमध्ये, हीच सोय जास्त सरकारी थाटात आहे. तिथे आठ मॅपिंग मोड आहेत. पहिल्याचं नाव टेक्स्ट, पण तो मोजतो पिक्सेल. लो-मेट्रिकचं एकक मिलिमीटरचा दहावा भाग, हाय-मेट्रिकचं शंभरावा. लो-इंग्लिशमध्ये इंचाचा शंभरावा भाग, हाय-इंग्लिशमध्ये हजारावा. सेमी-इंग्लिश तेवढं ठेवायचं राहून गेलं, नाहीतर आपल्याकडच्या पालकांनी आधी त्याचीच चौकशी केली असती. ट्विप इथेही आहेच.

या मोजक्या-मापक्या मोडांमध्ये वर म्हणजे जास्त, अगदी शाळेसारखं. हे वाचून नवशिका हरखतो, लो-मेट्रिक लावतो, (१००, १००)पासून एक झकास चौकोन काढतो आणि पडदा कोरा. कारण दिशा बदलली तरी शून्य जागचा हललेला नाही. तो अजून वरच्या डाव्या कोपऱ्यातच आहे आणि त्याच्या वर १०० म्हणजे खिडकीच्या डोक्यावर. चौकोन काढला गेला आहे, नीट काढला गेला आहे, फक्त दिसणाऱ्या जगात नाही. तो दिसावा असं वाटत असेल तर वाय उणे घ्या, म्हणजे आलीच पुन्हा वजाबाकी. नाहीतर सेटव्ह्यूपोर्टऑर्गकडे स्वतंत्र अर्ज करून शून्य खाली आणा. दिशा देणारं खातं वेगळं, जागा देणारं खातं वेगळं.

शेवटचे दोन मोड, आयसोट्रॉपिक आणि ॲनआयसोट्रॉपिक, हे खरे स्वराज्याचे. एकक तुमचं, शून्य तुमचा, दिशा तुमची. पहिल्यात दोन्ही अक्षांचं एकक सारखं राहतं, त्यामुळे वर्तुळ गोल निघतं. दुसऱ्यात अक्ष आपापलं बघतात आणि खिडकी रुंद केली की वर्तुळाचं अंडं होतं. इथे ‘विंडो’ म्हणजे तुमच्या मनातलं मोजमाप आणि ‘व्ह्यूपोर्ट’ म्हणजे पडद्यावरची प्रत्यक्ष जागा. आयसोट्रॉपिकमध्ये आधी विंडोचा आकार सांगायचा, मग व्ह्यूपोर्टचा, हा क्रम पाळावाच लागतो. आणि या दोघांपैकी एखादा मोड लावायलाच विसरलात, तर तुमच्या दोन्ही विनंत्यांकडे विंडोज साफ दुर्लक्ष करतं. अर्ज घेतला जातो, कार्यवाही होत नाही. त्यातून विंडोज ९५च्या काळात जीडीआयचे आकडे १६ बिटांचे, म्हणजे कमाल ३२,७६७. हाय-मेट्रिकमध्ये त्याचे होतात ३२७ मिलिमीटर. मोठ्या हौसेने नकाशा काढायला बसलेल्याचं जग फूटभर अंतरावर संपायचं.

शून्य कुणाचा मानायचा यावर माणसं किती अडून बसतात, ते संगणकाबाहेरही दिसतं. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य ठरलं तेव्हा फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला आणि त्याने घरी पॅरिसचाच शून्य चालू ठेवला. १९११ साली मन वळलं, पण कायद्यात ग्रिनिचचं नाव येऊ दिलं नाही. फ्रान्सची अधिकृत वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ उणे ९ मिनिटं २१ सेकंद, असं लिहिलं. हा तोच ‘४७९ वजा वाय’, फक्त संसदेत मंजूर झालेला. मुंबईही काही कमी नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी आपली ३९ मिनिटं मागची वेळ तिने १९५५पर्यंत जपली. तेव्हा एखाद्या प्रोग्रॅमरने आपला शून्य सोडायचं नाकारलं तर त्याला फार बोलू नये.

पडद्याचा शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन बघायचे प्रयत्नही झाले. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम मिळून ओएस/२ करत होते तेव्हा तिच्या प्रेझेंटेशन मॅनेजरमध्ये आकाश वरच होतं. पुढे दोघांचं फाटलं, पण त्या दिवसांची एक खूण विंडोजमध्ये राहून गेली. ती म्हणजे बीएमपी फाइल. तिच्यात चित्राची सगळ्यात खालची ओळ आधी साठवतात. आजही बीएमपी वाचायचा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्याचा पहिला फोटो शीर्षासनातच निघतो. ओळी वरून खाली साठवायच्या असतील तर चित्राची उंची उणे लिहायची, अशी तिथली रीत. उणे ६०० उंचीचा माणूस ज्यांनी मंजूर केला त्यांची बैठक बरीच लांबली असणार.

ॲपलकडे तर दोन्ही आकाशं आहेत. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा १९८४ची. तिचा शून्य कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आणि इंचाला ७२ एककं. पीडीएफने तोच वारसा घेतला. नेक्स्ट कंपनीने पडदासुद्धा पोस्टस्क्रिप्टनेच रंगवला, नेक्स्टचं सामान ॲपलकडे आलं आणि मॅकवर शून्य खाली बसला. मग आयफोन आला आणि त्याच घरात शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला. मॅकवर पडद्याची रीत हवी असणाऱ्याला ‘इजफ्लिप्ड’ या प्रश्नाला हो म्हणावं लागतं. तुम्ही उलटे आहात का? हो. मग चालेल. आयफोनवर खालच्या थरातल्या कोअर ग्राफिक्सला एखादं पीडीएफ काढायला सांगितलं की ते उलटं निघतं, कारण वरच्या मजल्यावर आकाश बदललं हे त्याला कुणी कळवलेलं नाही.

अलीकडच्या साधनांत, जीडीआय-प्लस घ्या, क्यूटी घ्या किंवा जावा, हे सगळं दोन ओळींत होतं. शून्य सरकवा, मग उभा अक्ष उणे एकने ताणा. क्रम सांभाळा, कारण आधी सरकवून मोठं करणं आणि आधी मोठं करून सरकवणं या दोन भिन्न गोष्टी आहेत. एका एककाला ५० पिक्सेल असं माप लावा आणि हौसेने साइन वक्र काढा. वक्र दिसतच नाही, पडदाभर एक जाडजूड पट्टा लोळत असतो. कारण पेनाची जाडी एक एकक होती, तीही पन्नास पिक्सेलची झाली. उपाय सोपा आहे. पेनाची जाडी शून्य ठेवा. शून्य जाडीची रेघ कुठल्याही मापात एक पिक्सेल उमटते आणि क्यूटीमध्ये अशा पेनाला कॉस्मेटिक म्हणतात. रुंदी नसलेली रेषा युक्लिडने सांगितली, पण ती दिसण्याची व्यवस्था व्हायला दोन हजारांहून जास्त वर्षं जावी लागली.

अक्षरांचं दुखणं वेगळं. अक्ष पलटला की त्याच्याबरोबर लिखाणही पलटतं. भट्टीचा आलेख दिमाखात वर चढतो आणि त्याच्यावरचं ‘तापमान’ डोकं खाली, पाय वर. मराठीत लिहिलं असेल तर शिरोरेघ पायाशी येते आणि उकार डोक्यावर बसतात. म्हणून चित्र आपल्या आकाशात काढायचं आणि लिहायच्या वेळी गुपचूप पडद्याच्या आकाशात परतायचं, हा शिष्टाचार सगळ्यांना पाळावा लागतो.

चित्र काढणं तरी एकतर्फी आहे, खरी परीक्षा क्लिकची. माउस तुमच्या तासांत आणि अंशांत कधीच बोलत नाही, तो पिक्सेलच सांगतो. त्यामुळे जाताना केलेलं सगळं रूपांतर येताना उलटं करावं लागतं. हे जो विसरतो त्याच्या आलेखावर सगळ्यात तापलेल्या बिंदूवर टिचकी मारली की सगळ्यात गार क्षणाची माहिती उघडते. गिऱ्हाइकाला डेमो देणारा अनुभवी माणूस म्हणूनच नेहमी चित्राच्या मधोमध टिचकी मारतो. आकाश सरळ असो की उलटं, मध्य तोच राहतो. माझं मत विचाराल तर ही जाण्या-येण्याची दोन फंक्शनं एका जागी लिहावीत आणि बाकीच्या प्रोग्रॅममध्ये पिक्सेल हा शब्द पुन्हा उच्चारू नये. पण ‘उंची वजा वाय’ टाइप करायला काही सेकंद लागतात आणि ही शिस्त लावायला एक दुपार, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही.

खिडकी स्वतः मात्र पिक्सेलच्याच राज्यात राहते आणि तिथे ऋण संख्यांचा प्रदेशही आहे. मुख्य पडद्याच्या डावीकडे दुसरा मॉनिटर लावला की तिथले आडवे आकडे उणे होतात. सभ्य प्रोग्रॅम बंद होताना लिहून ठेवतो की आपण उणे १२००वर होतो. संध्याकाळी लॅपटॉप घरी येतो, मॉनिटर ऑफिसातच राहतो आणि खिडकी इमानाने उणे १२००वर उघडते. त्याहून वरची पायरी म्हणजे मिनिमाइझ केलेली खिडकी. विंडोज तिला (-३२०००, -३२०००) या बिंदूवर नेऊन ठेवतं. तुमच्या-आमच्या सगळ्या मिनिमाइझ केलेल्या खिडक्या त्या एकाच ठिपक्यावर दाटीवाटीने उभ्या असतात. नेमक्या त्या वेळी प्रोग्रॅम बंद झाला आणि त्याने भाबडेपणाने तीच जागा लिहून ठेवली, की दुसऱ्या दिवशी सपोर्टला फोन येतो.

“अहो सर, तुमचा प्रोग्रॅम उघडतच नाहीये.”

“उघडलाय मॅडम.”

“मग दिसत का नाही?”

“उणे बत्तीस हजारावर आहे.”

“म्हणजे सर्व्हर डाउन आहे का?”

“हो मॅडम.”

तुमच्यावर ही वेळ आली तर फॉरमॅट मारायला धावू नका. टास्कबारवर त्या प्रोग्रॅमच्या नावावर एकदा टिचकी मारा, ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबा, मग एम आणि मग बाणाची कोणतीही एक कळ. आता माउस हलवलात की खिडकी पॉइंटरला चिकटून पडद्यावर येईल. हव्या त्या जागी टिचकी मारून तिला सोडा आणि प्रोग्रॅम बंद करताना ती मिनिमाइझ केलेली नाही एवढं बघा.